वाचकांचे प्रश्न : मध्ययुगीन मुस्लिम दरबारांतील सण, मेजवान्या आणि मानपान

मध्ययुगीन मुस्लिम राज्यकर्त्यांचे सणसमारंभ, मेजवान्या आणि दरबारी रीतिरिवाज यांविषयी वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेक पत्रांत असे गृहीत धरलेले दिसते की उत्सव हा राजाचा विरंगुळा होता आणि राज्यकारभार ही त्यापासून वेगळी, गंभीर बाब होती. त्या काळची साधने वाचताना मला मात्र असे वेगळेपण दिसत नाही. कोण कोठे उभा राहिला, कोणी काय भेट आणली, कोणाला कोणते वस्त्र मिळाले आणि कोणाला बोलावणेच आले नाही, यांवरून दरबारातल्या प्रत्येकाला आपले स्थान कळत असे, आणि म्हणून मेजवानीचा दिवस हा अनेकदा कारभाराचाच दिवस असे. पुढील उत्तरे या दृष्टीने वाचावीत, ही विनंती.

प्रश्न : नवरोज हा इस्लामपूर्व इराणी सण आहे. मग स्वतःला प्रेषितांचे वारस म्हणवणारे बगदादचे खलिफा तो दरबारात का साजरा करत असत? त्यांना धर्मशास्त्र्यांचा विरोध झाला नाही का? (इतिहासाच्या एक निवृत्त शिक्षिका)

उत्तर : विरोध झाला, आणि तो बगदादच्या अब्बासी खलिफांच्या आधीपासून होता. उमय्या खलिफांच्या काळात इराक आणि इराणमधील प्रजेकडून नवरोज, म्हणजे वर्षारंभ, आणि त्यानंतर साडेसहा महिन्यांनी येणारा मिहिरगान या दोन सणांच्या निमित्ताने भेटी घेतल्या जात. नाव भेटीचे असले तरी ती न देण्याची मुभा कोणाला नव्हती, त्यामुळे व्यवहारात तो जादा करच होता. इ. स. ७१७ ते ७२० या काळात राज्य केलेल्या दुसऱ्या उमरने धर्मनिष्ठेपोटी आणि प्रजेवरील भार कमी करण्यासाठी या भेटी बंद केल्या. त्याच्या मागे त्या पुन्हा सुरू झाल्या आणि ७५० मध्ये सत्तेवर आलेल्या अब्बासींच्या दरबारात तर चांगल्याच रुजल्या, कारण त्यांच्या कचेऱ्या चालवणारे कारकून आणि वजीर मोठ्या प्रमाणावर इराणी घराण्यांतले होते आणि सासानी, म्हणजे इस्लामपूर्व इराणच्या, बादशाहांच्या चालीरीती हाच त्यांच्या लेखी राजवैभवाचा नमुना होता.

खलिफांनी नवरोज सोडला नाही याचे आणखी एक कारण जमीनमहसूल हे होते, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. हिजरी वर्ष चांद्र असते, सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, आणि त्यामुळे त्याचे महिने सर्व ऋतूंतून फिरत राहतात. अशा महिन्याला पिकाची वसुली बांधता येत नाही. म्हणून नवरोजपासून वसुली उघडण्याची जुनी इराणी पद्धत चालू ठेवण्यात आली. पण त्या पद्धतीतही एक दोष होता. इराणी वर्ष ३६५ दिवसांचे धरले जाई आणि त्यात दर चार वर्षांनी एक दिवस वाढवला जात नसे, त्यामुळे नवरोज ऋतुमानाच्या तुलनेत हळूहळू अलीकडे सरकत गेला. सासानी राजवटीच्या अखेरीस, ६३२ मध्ये, जूनच्या मध्यावर येणारा हा दिवस नवव्या शतकाच्या शेवटी एप्रिलात येऊ लागला. शेतातले पीक हिरवे असतानाच शेतकऱ्याच्या दारात वसुलीची मागणी येऊ लागली आणि ती भागवायला त्याला कर्ज काढावे लागे. खलिफा मुतवक्किलने हा दिवस पुढे ढकलण्याचा हुकूम काढला होता, परंतु ८६१ मध्ये त्याचा खून झाला आणि सुधारणा अर्धवट राहिली. अखेर मुतदिदने ८९५ मध्ये सरकारी नवरोज ११ जूनला नेऊन बसवला, आणि हा दिवस पुढे त्याच्याच नावाने ओळखला गेला.

राजवाड्याबाहेर हाच सण लोक आपल्या पद्धतीने साजरा करत असत. नवरोजच्या रात्री बगदादमध्ये रस्त्यांवर शेकोट्या पेटत आणि दुसऱ्या दिवशी लोक एकमेकांवर पाणी ओतत. ८९७ मध्ये याच मुतदिदने या दोन्ही गोष्टींना मनाई करणारी दवंडी पिटवली, आणि अवघ्या दोन-तीन दिवसांत ती मागे घेऊन परवानगी दिली. त्यावर लोकांना इतके उधाण आले की त्यांनी शहराच्या शिपायांवरही पाणी ओतले, असे इतिहासकार तबरीने नोंदवले आहे. पुढे अकराव्या शतकात गझनीचे सुलतान, जे वंशाने तुर्क होते, नवरोज, मिहिरगान आणि हिवाळ्यातला अग्नीचा सण सदे हे तिन्ही थाटाने पाळत. सुलतान मसूदच्या सदेसाठी सैन्याचे उंट लावून जळण आणवले गेले आणि पेटवलेली आग दहा फरसंगांवरून (एक फरसंग म्हणजे सुमारे सहा किलोमीटर) दिसल्याचे ऐकिवात आले, असे त्याच्या दप्तरात काम करणारा बैहकी लिहितो. ११११ मध्ये निधन पावलेल्या इमाम गझालींनी नवरोज आणि सदे यांसाठी बाजार सजवण्याला आणि त्या निमित्ताने खेळणी विकण्याला स्पष्ट शब्दांत विरोध केला आहे. इतक्या शतकांनंतरही विरोध करावा लागत होता, यावरून प्रथा किती चिवट होती ते कळते.

चांद्र वर्ष आणि पीक यांची ही विसंगती महाराष्ट्रालाही नवी नाही. आपल्या जुन्या मराठी कागदपत्रांत दिसणारा शुहूर सन हिजरी सनापासूनच निघाला, पण त्याचे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो तेव्हा सुरू होते, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणतात. तो महंमद तुघलकाच्या काळात, चौदाव्या शतकाच्या मध्यास, दख्खनमध्ये रूढ झाला असे मानले जाते.

प्रश्न : ‘नदीम’ हे दरबारातले पद होते की ती केवळ राजाची मैत्री होती? नदीम होण्यासाठी काय लागत असे? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी)

उत्तर : नदीम म्हणजे राजाच्या खाजगी मजलिशीत बसणारा सोबती. याला वेतन आणि बक्षिसे मिळत, परंतु कारभारातला अधिकार मिळू नये असा संकेत होता. सेल्जूक सुलतान मलिकशाहाचा वजीर निजामुल्मुल्क, ज्याची हत्या १०९२ मध्ये झाली, त्याने या संकेतामागचा विचार मोठ्या स्पष्टपणे मांडला आहे. अधिकाऱ्याने राजाला भ्यायला हवे, आणि नदीमाने तर मोकळेपणाने बोलायला हवे. एकाच माणसाकडे दोन्ही कामे दिली तर अधिकारी मुजोर होतो आणि प्रजेला त्रास देऊ लागतो. त्याच्या मते नदीमाचे उपयोग अनेक : राजाचे मन रमते, अंगरक्षकासारखा कोणीतरी सतत जवळ असतो, आणि जे वजीर बोलू शकत नाही ते थट्टेच्या किंवा गप्पांच्या ओघात राजाच्या कानावर घालता येते.

पात्रतेची यादी वाचली की हे काम किती कठीण होते ते कळते. कास्पियन किनाऱ्यावरच्या झियारी घराण्यातला राजपुत्र कैकाऊस याने १०८२ च्या सुमारास आपला मुलगा गिलानशाह याच्यासाठी उपदेशपर ग्रंथ लिहिला. त्यात नदीमाला अरबी आणि फारसी कविता, पत्रलेखन, थोडे वैद्यक, थोडे ज्योतिष, वादन, बुद्धिबळ, नर्द नावाचा सोंगट्यांचा खेळ, कुराणाचे पठण आणि कथा-आख्यायिका इतके सारे यायला हवे, असे तो सांगतो. शिवाय साकीने, म्हणजे मद्य वाढणाऱ्या सेवकाने, प्याला पुढे केला की मान खाली घालून घ्यावा, त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहू नये, अशी सूचनाही आहे, कारण राजाच्या मनात संशय येण्यास तेवढे पुरे असे.

भारतातले सर्वांत परिचित उदाहरण अमीर खुस्रोचे आहे. त्याने एकामागून एक अनेक सुलतानांची मर्जी सांभाळली. जलालुद्दीन खिलजीने त्याला कुराणाची प्रत सांभाळण्याचे मानाचे काम दिले आणि त्याच वेळी मजलिशीत त्याच्या गझलाही गायल्या जात. याच्या उलट झियाउद्दीन बरनीची कथा आहे. तो सतरा वर्षे आणि तीन महिने महंमद तुघलकाचा नदीम होता. १३५१ मध्ये सुलतान वारला, वारसाच्या प्रश्नात बरनी चुकीच्या बाजूला सापडला, कैदेत पडला, आणि उरलेले आयुष्य त्याने विपन्नावस्थेत काढले. दिल्लीच्या सुलतानांचा आपल्याला सर्वाधिक उपयोगी पडणारा इतिहास त्याने १३५७ मध्ये या अवस्थेत पूर्ण केला. जुन्या मैफलींची त्याने केलेली वर्णने वाचताना ही पार्श्वभूमी विसरू नये. गमावलेल्या गोष्टीकडे पाहणाऱ्या माणसाची ती वर्णने आहेत.

प्रश्न : मद्य धर्माने निषिद्ध असताना या दरबारांत ते उघडपणे कसे चाले? पिणाऱ्यांना त्यात विसंगती वाटत नव्हती का? (एक वाचक)

उत्तर : वाटत होती, आणि त्यांनीच ती लिहून ठेवली आहे. इराकमधील हनफी या धर्मशास्त्रपंथाच्या काही पंडितांनी द्राक्षमद्य आणि खजूर वगैरेंपासून केलेले सौम्य पेय यांत फरक केला होता, आणि त्या वादाचा आधार घेणारे लोक होते. परंतु दरबारी माणसे सर्वसाधारणपणे अशा पळवाटा शोधत बसत नसत. आपण करतो ते पाप आहे हे त्यांना मान्य असे. वर उल्लेखिलेला कैकाऊस मुलाला सांगतो की पी असे मी म्हणणार नाही, आणि पिऊ नकोस असेही म्हणू शकत नाही, कारण तरुण माणसे दुसऱ्याच्या सांगण्यावरून थांबत नाहीत. मात्र शुक्रवारच्या आदल्या रात्री नमाजाचा मान राखून दूर राहावे. बैहकीने सुलतान मसूदच्या एका बैठकीचे वर्णन केले आहे. सोबती एकेक करून गळाले, सुलतानाने सत्तावीस प्याले रिचवले, मग पाणी मागवून तोंड धुतले, मुसल्ला, म्हणजे नमाजाची चटई, अंथरायला सांगितला आणि राहिलेले नमाज अदा केले. बैहकी हे अचंब्याने लिहितो, निषेधाने नव्हे.

मद्य सोडणे ही तर सार्वजनिक आणि राजकीय घटना असे. दिल्लीचा सुलतान बल्बन याने गादीवर आल्यावर मद्य सोडले आणि दरबारात हसणेखिदळणेही बंद केले, कारण त्याला सुलतानाचा दरारा निर्माण करायचा होता. मार्च १५२७ मध्ये झालेल्या खानव्याच्या लढाईपूर्वी बाबराने मद्यत्यागाची शपथ घेतली आणि सोन्यारुप्याची पात्रे फोडून ती गरजूंना वाटली. समोर राणा सांगाचे प्रबळ सैन्य होते आणि स्वतःचे सैनिक धास्तावलेले होते.

या संदर्भात अल्लाउद्दीन खिलजीचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. लागोपाठ झालेल्या बंडांची कारणे शोधताना त्याने सल्लागारांसह असा निष्कर्ष काढला की उमरावांच्या मद्याच्या बैठकींत कट शिजतात. त्याने दिल्लीत मद्य बंद केले आणि स्वतःच्या मैफलीतली पात्रे बदायूँ दरवाजापाशी फोडून टाकली. पण तो तेथे थांबला नाही. उमरावांनी परवानगीशिवाय एकमेकांच्या घरी जाऊ नये, मेजवान्या देऊ नयेत आणि आपसांत सोयरिकीही जमवू नयेत, असे हुकूम त्याने काढले. काही काळानंतर घरी एकट्याने पिणाऱ्यांकडे काणाडोळा करण्यात आला, असे बरनी सांगतो. म्हणजे सुलतानाला धास्ती प्याल्याची नव्हती. चार उमराव एका दस्तरखानावर, म्हणजे एका पंगतीला, बसतात, याची होती.

प्रश्न : उत्सवात एवढी संपत्ती उधळली जाई, तर राज्ये दिवाळखोर कशी होत नव्हती? (वाणिज्य शाखेच्या एक प्राध्यापिका)

उत्तर : उधळले जाणारे सारे धन नाहीसे होत नव्हते, त्याचा मोठा भाग हातोहात फिरत असे. ८२५ मध्ये खलिफा मामूनचा विवाह त्याचा जुना वजीर हसन इब्न सहल याची मुलगी बूरान हिच्याशी वासितजवळच्या फम्म अस्-सिल्ह या गावी झाला. हसनने पाहुण्यांवर कस्तुरीचे गोळे उधळले आणि प्रत्येक गोळ्यात एक चिठ्ठी होती. जिच्यावर ज्या जमिनीचे, घोड्याचे किंवा गुलामाचे नाव असेल ते त्या पाहुण्याच्या मालकीचे होई. हे वर्णन बहुतेक ठिकाणी येथेच संपवले जाते. पण पुढची नोंद अशी की मामूनने सासऱ्याला फार्स प्रांताच्या महसुलातून एक कोटी दिरहम देवविले आणि अस्-सिल्हचा इलाखाही नेमून दिला, आणि हसनने ती रक्कम आपल्या सरदारांत व माणसांत वाटली. प्रांताचा महसूल या मार्गाने सरदारांपर्यंत पोहोचला आणि सर्वांनी ते खलिफाचे औदार्य म्हणून पाहिले.

दिल्लीत हा व्यवहार व्यापाऱ्यांनीही ओळखला होता. महंमद तुघलक भेटीच्या बदल्यात भेटीच्या कितीतरी पट देई, हे ठाऊक असल्याने परदेशातून नशीब काढायला येणाऱ्यांना सिंध आणि दिल्लीचे व्यापारी घोडे, उंट, वस्त्रे आणि रोकड उधार देत आणि सुलतानाचे बक्षीस मिळाले की वसूल करत. १३३४ मध्ये दिल्लीस पोहोचलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता असाच कर्जावर दरबारात उभा राहिला. त्याला काझीचे पद मिळाले, तरी कर्ज ५५ हजार दिनारांवर गेले, धनको तगादा लावू लागले, आणि अखेर त्याने सुलतानाच्या स्तुतीपर अरबी कसीदा रचून त्यात आपली अडचण घातली. सुलतानाने ते कर्ज फेडण्याचा हुकूम दिला. दरबारी वैभवाची इतकी प्रामाणिक आर्थिक नोंद क्वचितच सापडते.

याच चौकटीत खिलतीचा, म्हणजे राजाने दिलेल्या मानाच्या वस्त्राचा, विचार करावा. ते अंगावर घालणे म्हणजे देणाऱ्याचे स्वामित्व सर्वांसमक्ष मान्य करणे होते. म्हणूनच सरकारी कारखान्यांत या वस्त्रांची निर्मिती मोठ्या प्रमाणावर चाले आणि नियुक्ती, विजय, ईद, नवरोज किंवा वाढदिवस अशा प्रत्येक प्रसंगी ती वाटली जात.

प्रश्न : सोन्याचांदीची झाडे आणि हजारो गालिचे अशा वर्णनांवर किती विश्वास ठेवावा? (एक वाचक)

उत्तर : सांगणारा तेथे होता का, हे आधी पाहावे. ९१७ मध्ये बायझंटाइन सम्राटाचे वकील बगदादला आले तेव्हा खलिफा मुक्तदिरच्या वाड्यात ३८ हजार पडदे आणि २२ हजार गालिचे होते, तसेच अठरा फांद्यांचे आणि आवाज करणाऱ्या पक्ष्यांचे रुपेरी झाड होते, अशी माहिती खतीब अल्-बगदादी देतो. पण तो वारला १०७१ मध्ये, म्हणजे तो जुन्या नोंदी एकत्र करत होता. आकडे मी गोल मानतो. परंतु त्याच कथेत एक तपशील असा आहे जो मला खरा वाटतो : वकिलांनी आधी हाजिबालाच, म्हणजे खलिफाच्या भेटीची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्यालाच, मग वजिरालाच खलिफा समजून मान लववली. पाहुण्याला दालनांमागून दालने फिरवून थकवायचे आणि थोर दिसणाऱ्या प्रत्येक माणसापुढे आणखी थोर माणूस उभा करायचा, हीच त्या स्वागताची रचना होती.

याउलट नासिर खुस्रो या इराणी प्रवाशाने १०४७ पासून काही काळ कैरोत राहून फातिमी खलिफा मुस्तन्सिरचा दरबार स्वतः पाहिला. ईदच्या मेजवानीपूर्वी त्याने एका ओळखीच्या अधिकाऱ्याकरवी वाड्यात प्रवेश मिळवला आणि साखरेचे बनवलेले संत्र्याचे झाड, त्याच्या फांद्या, पाने, फळे आणि साखरेच्याच असंख्य आकृत्या पाहिल्या. नाईलला पूर आला की कालव्याचा बांध फोडण्याचा सोहळा होई, तोही त्याने पाहिला. जरीच्या झुलींनी सजलेले हजारो घोडे पुढे गेले, आणि त्यांच्या मागून खलिफा आला तो साध्या पांढऱ्या पोशाखात, एका खेचरावर, ज्याच्या खोगिराला सोन्याचांदीचा लवलेश नव्हता; रत्ने होती ती त्याच्यावर छत्र धरणाऱ्याच्या पागोट्यावर. रचून सांगणारा माणूस खलिफाला साधा पोशाख देणार नाही, म्हणून या साक्षीवर माझा विश्वास बसतो. पुढे इब्न बतूता सांगतो की महंमद तुघलक राजधानीत प्रवेश करत असता हत्तींवर ठेवलेल्या लहान यंत्रांतून लोकांवर नाणी उडवली गेली. त्याने प्रवासवर्णन बऱ्याच वर्षांनी आठवणीतून सांगून लिहवले, तरी असा प्रसंग विसरण्याजोगा नाही.

प्रश्न : या मेजवान्यांत स्त्रियांना स्थान होते का? (एक वाचक भगिनी)

उत्तर : प्रदेशानुसार आणि घराण्यानुसार ते बदलत होते. स्पेनमधील कास्तिलच्या राजाचा वकील क्लाविहो १४०४ मध्ये समरकंदला तैमूरच्या दरबारात होता. शहराबाहेरच्या कान-ए-गिल कुरणावर उभारलेल्या तंबूंच्या नगरीत तैमूरची पट्टराणी सराय मुल्क खानम हिने स्वतः मेजवानी दिली आणि परदेशी वकिलांना बोलावले, असे तो लिहितो. तुर्क-मंगोल घराण्यांत ही रीत होती आणि तिचा अंश आरंभीच्या मुघलांतही उतरला. हुमायूनच्या काळातील जनानखान्याने भरवलेल्या समारंभांचे वर्णन त्याची बहीण गुलबदन बेगम हिने केले आहे. अब्बासी बगदादमध्ये गायिका विदुषी असत, राजकारणाच्या जवळ असत, आणि तरीही त्यांपैकी बहुतेक गुलाम होत्या. त्यांची खरेदी-विक्री होई. त्यांच्या कलेचे कौतुक करताना हे नजरेआड करू नये.

प्रश्न : आपल्या दख्खनच्या सुलतानांचे उत्सव उत्तरेपेक्षा वेगळे होते का? (एक इतिहासप्रेमी वाचक)

उत्तर : आरंभी फारसे वेगळे नव्हते. बहमनी सुलतान पहिला मुहंमदशाह याला तेलंगणाच्या राजाकडून रत्नजडित तख्त मिळाले, ते तख्त-ए-फिरोजा या नावाने प्रसिद्ध झाले आणि सुलतान त्यावर नवरोजच्या दिवशी बसला, असे फिरिश्ता सांगतो. याच सुलतानाविषयी त्याने दिलेली दुसरी कथा अशी : दिल्लीहून आलेल्या गायकांच्या मैफलीवर खूश होऊन सुलतानाने त्यांचे बक्षीस विजयनगरच्या खजिन्यातून द्यावे अशी वरात लिहून दिली आणि नशा उतरल्यावरही ती मागे घेतली नाही, बुक्करायाने हा अपमान मानला आणि युद्ध पेटले. फिरिश्ता हे सुमारे अडीचशे वर्षांनंतर विजापुरात बसून लिहीत होता, आणि युद्धाची मुळे कृष्णा आणि तुंगभद्रा यांमधल्या रायचूर दुआबाच्या जुन्या झगड्यात होती. तरीही मैफलीतली वरात हे आव्हान म्हणून वापरता येते, ही कल्पना त्याच्या वाचकांना सहज पटण्यासारखी होती.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस मात्र दख्खनचे उत्सव स्वतःच्या वळणावर गेले, आणि या विषयात मला सर्वांत प्रिय असलेला भाग हाच आहे. विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशाह, ज्याने १५८० ते १६२७ राज्य केले, त्याने दक्खनी भाषेत रागांनुसार गीते रचली आणि त्यांत सरस्वती, गणपती आणि सूफी संत गेसूदराज यांना एकत्र वंदन केले. आपल्या तंबुऱ्याचे नाव त्याने मोतीखान ठेवले होते आणि त्यावरही गीते लिहिली. नऊ रसांच्या कल्पनेने तो इतका भारला होता की १५९९ मध्ये विजापूरजवळ वसवलेल्या संगीतनगरीला त्याने नौरसपूर नाव दिले आणि तेथे ईद-ए-नौरस नावाचा उत्सव सुरू केला. हे शहर १६२४ मध्ये अहमदनगरच्या मलिक अंबरने लुटले आणि ते पुन्हा नीट उभे राहिले नाही.

त्याचा समकालीन, हैदराबादचा संस्थापक मुहंमद कुली कुतुबशाह, याच्या दक्खनी कवितांत ईद, शब-ए-बरात आणि नवरोज यांच्या शेजारी वसंत आणि मृग हेही उत्सव म्हणून येतात. पहिल्या पावसाने भिजलेल्या स्त्रिया, हिरवी झालेली जमीन आणि मोरांचे ओरडणे हे त्याच्या मृगाच्या कवितांचे विषय आहेत. इराणी वसंतऋतूची ठरावीक वर्णने उसनी घेण्याऐवजी त्याने स्वतःच्या मुलुखाचा पाऊस दरबारात आणला. हाच सुलतान मुहर्रमच्या दिवसांत मात्र गाणेबजावणे आणि मद्य बंद करून काळे वस्त्र घाली. १५९० च्या दशकात त्याने बांधवलेला बादशाही आशूरखाना, म्हणजे मुहर्रमच्या शोकविधींची वास्तू, हैदराबादेत आजही उभा आहे. दरबारी दिनदर्शिकेत शोकालाही आनंदाइतकाच नेमका विधी होता.

प्रश्न : औरंगजेबाने दरबारातले सण बंद केले असे आपण वाचतो. मग शिवाजी महाराज आग्र्यास गेले तेव्हा वाढदिवसाचा दरबार कसा भरला होता? (एक शालेय शिक्षक)

उत्तर : औरंगजेबाने सारे एकाच वेळी बंद केले नाही. १६५९ मध्ये, दुसऱ्या राज्यारोहणाच्या वेळी, त्याने नवरोजचा उत्सव रद्द केला आणि त्याऐवजी राज्यारोहणाचा जश्न रमजानपासून ईदपर्यंत ठेवला. भेटी आणि खिलती त्या दिवसांत दिल्या-घेतल्या जाऊ लागल्या. बादशाहाच्या तुलादानाची प्रथा अकबराच्या काळात पक्की झाली होती. अबुल फज्लने लिहिल्याप्रमाणे सौर वाढदिवशी बारा आणि चांद्र वाढदिवशी आठ प्रकारच्या वस्तूंनी बादशाहाला तोलत आणि त्या वस्तू दान करत. ही प्रथा आणि दरबारी गायन औरंगजेबाने थांबवले ते १६६८ च्या आसपास. १२ मे १६६६ रोजी, म्हणजे त्याच्या चांद्र पन्नासाव्या वाढदिवशी, जुना शिष्टाचार अजून पुरता चालू होता.

त्या दिवशी घडलेल्या प्रसंगाचा क्रम राजस्थानी पत्रांत आला आहे, आणि तो दरबारी शिष्टाचाराच्या नियमांप्रमाणे वाचला तर महाराजांचा संताप पूर्णपणे समजतो. महाराजांनी नजर, म्हणजे भेट, सादर केली, पण बादशाहाने बोलणे केले नाही. त्यांना मागे नेऊन पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभे करण्यात आले. वाढदिवसाचे विडे वाटले गेले, ते त्यांनाही मिळाले. नंतर खिलती वाटल्या गेल्या. त्या शाहजाद्यांना मिळाल्या, वजीर जाफरखानाला मिळाली, जोधपूरच्या जसवंतसिंहाला मिळाली, आणि महाराजांना मिळाली नाही. जसवंतसिंह त्यांच्या पुढच्या जागी उभा होता, हे त्यांना मिर्झाराजा जयसिंहाचा मुलगा रामसिंह याच्याकडून कळले होते. दरबारातील प्रत्येक जण या चिन्हांचा अर्थ जाणत होता, आणि महाराजही जाणत होते. ते उघडपणे बोलले, पाठ फिरवून बाजूला गेले. बादशाहाने समजूत घालण्यासाठी सरदारांबरोबर खिलत पाठवली, तेव्हा आपण ती घालणार नाही असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यानंतर ते पुन्हा त्या दरबारात गेले नाहीत.